परिमेय संख्यांवर काय मोडतं? रिअल अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या सत्रातल्या प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट

रिअल अ‍ॅनालिसिसचा पहिला तास. मॅडमनी फळ्यावर क्ष² − २ चा आलेख काढला आणि विचारलं, "शून्यापाशी हा अक्षाच्या खाली आहे, दोनपाशी वर. मधे कुठेतरी तो अक्षाला छेदतो, हे कशावरून?" वर्गातून उत्तर आलं की रेघ सलग आहे, अक्ष ओलांडल्याशिवाय ती वर जाईलच कशी. मॅडम म्हणाल्या, "आता या रेघेवरचे फक्त परिमेय बिंदू ठेवा, बाकीचे पुसून टाका. चित्रात काही फरक दिसेल?"

दिसणार नाही. कुठल्याही दोन परिमेय संख्यांच्या मधे तिसरी असतेच, त्यामुळे कितीही जवळून पाहिलं तरी रेघ भरलेलीच वाटेल. तरी ती अक्षाला न शिवता खालून वर गेलेली असेल, कारण जिचा वर्ग दोन येतो अशी परिमेय संख्या नाही. ही सिद्धता मला शाळेपासून पाठ आहे. तिच्या पोटात एवढं काही दडलंय हे आज कळलं.

सत्रभर एक प्रकल्प-वही ठेवायची आहे, विषय ज्याचा त्याने निवडायचा. मी तासातच ठरवून टाकलं. या सत्रात जे जे प्रमेय येईल ते परिमेय संख्यांच्या जगात नेऊन बघायचं: टिकतं की मोडतं?

७ ऑगस्ट

वही आखली. तीन रकाने: प्रमेय, परिमेय संख्यांवर टिकतं का, आणि मोडत असेल तर मोडणारं उदाहरण.

एक नियम स्वतःला घालून घेतला. उदाहरणात √२ हे चिन्ह येता कामा नये. परिमेय जगात राहणाऱ्याला ती संख्या माहीतच नाही. त्याला "√२ च्या डावीकडे" असं म्हणता येणार नाही, "ज्याचा वर्ग दोनपेक्षा कमी" असं म्हणता येईल. वरवर पाहता हा शब्दांचा फरक वाटतो, पण तो पाळला नाही तर सगळा प्रकल्पच पोकळ होईल. जी संख्या नाही असं दाखवायचंय तिचाच आधार घेऊन बोलल्यासारखं होईल ते.

१२ ऑगस्ट

सुप्रीमम. वरची मर्यादा असलेल्या प्रत्येक अरिक्त संचाला सगळ्यांत लहान वरची मर्यादा असते, हे वास्तव संख्यांचं पूर्णतेचं गृहीतक. बेरीज, गुणाकार, लहान-मोठेपणा यांचे बाकी सगळे नियम परिमेय संख्याही पाळतात. दोन्ही जगांत फरक असलाच तर तो या एका ओळीत आहे.

वहीतली पहिली नोंद: ज्यांचा वर्ग दोनपेक्षा कमी अशा धन परिमेय संख्यांचा संच. या संचाला परिमेय सुप्रीमम नाही. सिद्धतेत एक सूत्र येतं: कुठलीही धन परिमेय संख्या प घ्या आणि तिच्यापासून (२प + २)/(प + २) ही नवी संख्या बनवा. प चा वर्ग दोनपेक्षा कमी असेल तर नवी संख्या प पेक्षा मोठी असते आणि तरी तिचा वर्ग दोनच्या आतच राहतो. जास्त असेल तर नेमकं उलट, नवी संख्या लहान होते पण तिचा वर्ग दोनच्या वरच राहतो. म्हणजे खालच्या बाजूला सगळ्यांत मोठी कुणी नाही आणि वरच्या बाजूला सगळ्यांत लहान कुणी नाही.

तपासायला पंधरा मिनिटं लागली, सगळं बरोबर आलं. पण हे सूत्र कुणाला सुचलं कसं? आकाशातून पडल्यासारखं सूत्र वापरायला मला आवडत नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि त्या सार्थकी लागल्या. आलेखावर प चा बिंदू आणि २ चा बिंदू सरळ रेघेने जोडा. त्या जीवेचा चढ प + २ येतो, आणि ती अक्षाला जिथे छेदते तो बिंदू बरोबर (२प + २)/(प + २). आलेख खालून फुगलेला असल्यामुळे जीवा त्याच्या वर राहते, म्हणून ती आलेखाच्या आधीच अक्षाला भेटते आणि आपण कधी पलीकडे उडी मारत नाही. एकापासून सुरुवात केली की १, ४/३, ७/५, २४/१७, ४१/२९ अशी रांग मिळते. वरच्या बाजूने २ च्या जागी ३/२ पासून निघालं की १०/७ येतं. ४१ चा वर्ग १६८१ आणि २९ च्या वर्गाची दुप्पट १६८२. एका एककाचा फरक! ही रांग मी वहीच्या पहिल्या पानावर चौकटीत लिहून ठेवली, कारण पुढे ती जागोजागी लागणार असं वाटतंय.

२० ऑगस्ट

चूक झाली, ती नोंदवते.

आज आर्किमिडीजचा गुणधर्म झाला: कुठलीही वास्तव संख्या घ्या, तिच्याहून मोठी नैसर्गिक संख्या असतेच. सिद्धतेत सुप्रीमम वापरलं होतं. मी लगेच वहीत लिहिलं, "परिमेयांवर मोडतं". घरी उदाहरण शोधायला बसले तर सापडेना, आणि सापडणार कसं? १७/५ पेक्षा १८ मोठी आहेच. कुठल्याही धन अपूर्णांकाचा अंश घ्या, त्यात एक मिळवा, झालं. गुणधर्म परिमेयांवर अगदी सहज खरा आहे.

म्हणजे मी दोन वेगळे प्रश्न एकच समजत होते. सिद्धतेत पूर्णता वापरली जाते का, हा एक. पूर्णतेशिवाय विधान कोसळतं का, हा दुसरा. सिद्धतेने एखादं हत्यार वापरलं म्हणून ते हत्यार अटळ होतं असं ठरत नाही. वहीत चौथा रकाना वाढवला.

तासानंतर मॅडमना विचारलं, की मग वास्तव संख्यांसाठी पूर्णता लागतेच कशाला? त्या म्हणाल्या, "फक्त क्रमित क्षेत्राचे, म्हणजे बेरीज, गुणाकार आणि लहान-मोठेपणाचे, नियम घेतलेस तर आर्किमिडीज हातातून निसटू शकतो. बहुपदींच्या भागाकारांचं क्षेत्र बघ. क्ष खूप मोठा झाल्यावर कोण वर राहतं त्यावरून लहान-मोठं ठरव. मग क्ष ही 'संख्या' प्रत्येक नैसर्गिक संख्येहून मोठी निघते." वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं.

२९ ऑगस्ट

क्रमिकेची सीमा. क्रमिका म्हणजे संख्यांची न संपणारी रांग, सीमा म्हणजे ती रांग जिच्या हवी तितकी जवळ जाते ती संख्या. सीमा एकच असते, बेरजेची सीमा, गुणाकाराची सीमा, दोन क्रमिकांच्या चिमटीत सापडलेली तिसरी: सगळी प्रमेयं परिमेयांवर जशीच्या तशी टिकतात. त्यांत त्रिकोण असमानतेपलीकडे फारसं काही लागत नाही. वहीत सहा ओळी एका दमात भरल्या.

वेळ गेला तो व्याख्येवर, ज्यात एप्सिलॉन म्हणजे कितीही लहान घेता येणारं अंतर आणि म म्हणजे पदाचा क्रमांक. अभ्यासातल्या मैत्रिणीने तिच्या उत्तरात लिहिलं होतं: "असा एक म आहे की प्रत्येक एप्सिलॉनसाठी, म च्या पुढची सगळी पदं सीमेपासून एप्सिलॉनच्या आत असतात." मी म्हटलं, "अगं, हे बरोबरच आहे की." मग दोघी थांबलो. म आधी ठरला आणि एप्सिलॉन नंतर कितीही लहान येऊ शकतो, तर म च्या पुढची पदं सीमेइतकीच असायला हवीत. म्हणजे ही क्रमिका कुठेतरी स्थिर होऊन बसलेली आहे. १, १/२, १/३, … ही साधी क्रमिकासुद्धा या व्याख्येत बसत नाही.

आपल्या भाषेत हे फार नेटकं सांगता येतं: जसा एप्सिलॉन, तसा म. "जसा–तसा" म्हटलं की कोण कुणावर अवलंबून आहे हे वाक्यातच ठरून जातं. आता प्रत्येक व्याख्या मी आधी जो–तो, जसा–तसा अशा वाक्यात म्हणून बघते आणि मगच चिन्हांत लिहिते.

८ सप्टेंबर

चढती आणि मर्यादित क्रमिका अभिसारी असते, म्हणजे तिला सीमा असते. मर्यादित क्रमिकेतून अभिसारी उपक्रमिका काढता येते. कोशी क्रमिका, म्हणजे जिची पदं पुढे एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात ती, अभिसारी असते. तीन मोठी प्रमेयं, आणि तिन्ही १, ४/३, ७/५, २४/१७ या एकाच रांगेने मोडली. रांग चढती आहे, दोनच्या आत आहे, तिची पदं एकमेकांच्या हवी तितकी जवळ येतात, आणि परिमेय जगात तिला पोचायला ठिकाण नाही. उपक्रमिका काढल्या तरी तेच.

फ्रेंच गणिती कोशीने १८२१ मध्ये ही शेवटची कसोटी मांडली तेव्हा ती पुरेशी आहे हे त्याने सिद्ध केलं नाही, उघड म्हणून घेतलं. आधी मला हे खटकलं होतं. पण वास्तव संख्या म्हणजे काय हे कुणी नेमकं सांगितलेलं नसताना तो सिद्ध करणार तरी कशावरून?

१७ सप्टेंबर

निरपेक्ष अभिसारी मालिका अभिसारी असते. याचं उदाहरण मिळवायला पाच दिवस लागले आणि सत्रातलं माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण हेच राहील असं वाटतं.

अडचण अशी होती. मालिकेची सगळी पदं परिमेय हवीत, चिन्हं काढून टाकल्यावरची बेरीज परिमेय हवी, आणि चिन्हं ठेवली तर बेरीज परिमेय असता कामा नये. आधी मी १ − १/२ + १/३ − १/४ घेऊन बसले. तिची बेरीज अपरिमेय आहे खरी, पण चिन्हं काढली की ती अपसारी होते, म्हणजे प्रमेयाची अटच पुरी होत नाही. मग १/म! ची मालिका. तिथे चिन्हं काढल्यावरची बेरीजही अपरिमेय.

शेवटी अगदी साध्या मालिकेकडे परत आले: १/२ + १/४ + १/८ + … = १. हिच्यातच चिन्हं बदलली तर? चिन्हांची निवड म्हणजे द्विमान पद्धतीतल्या शून्य-एकांची निवड. अधिक असेल तिथे एक आणि उणे असेल तिथे शून्य लिहून जी द्विमान संख्या बनते, तिची दुप्पट वजा एक म्हणजे आपली बेरीज. आणि द्विमान विस्तार आवर्ती नसेल तर संख्या परिमेय नसते! म्हणून पहिलं, चौथं, नववं, सोळावं, म्हणजे पूर्ण वर्गांच्या क्रमांकाची पदं अधिक ठेवली आणि बाकी सगळी उणे: १/२ − १/४ − १/८ + १/१६ − … दोन अधिकांमधलं अंतर सतत वाढत जातं, त्यामुळे विस्तार कधीच आवर्ती होत नाही. निरपेक्ष बेरीज नेमकी एक, आणि खऱ्या बेरजेला परिमेय जगात जागा नाही.

अपूर्णांक आवर्ती असतो ही गोष्ट लहानपणी भागाकार करताना शिकलेली. ती इथे अशी कामाला आली याचा फार आनंद झाला.

२६ सप्टेंबर

सत्रमध्य परीक्षा. दोन क्रमिकांच्या भागाकाराच्या सीमेची सिद्धता अडली. छेदातली क्रमिका शून्यापासून दूर राहते हे आधी दाखवायला हवं होतं, ते राहून गेलं. कच्च्या कामात एप्सिलॉनपासून मागे चालत यायचं आणि पक्क्यात पुढे जायचं, हा सराव वाढवायला हवा. वहीला आठवडाभर हात लावला नाही.

५ ऑक्टोबर

सातत्य: क्ष जरासा हलला तर फलनाची किंमतही जराशीच हलते, ते फलन संतत. आता प्रकल्प खऱ्या अर्थाने सुरू झाला.

शून्य ते दोनमधल्या परिमेय संख्यांवर एक फलन घेतलं: वर्ग दोनपेक्षा कमी असेल तर किंमत ०, जास्त असेल तर १. त्याला मी पायरी म्हणते. कागदावर ती तुटलेली दिसते. पण कुठे तुटलीये ते परिमेय जगातल्या माणसाला दाखवा म्हटलं तर दाखवता येत नाही. कुठलाही परिमेय बिंदू घ्या. त्याचा वर्ग दोनपेक्षा कमी असेल तर ऑगस्टमधल्या सूत्राने त्याच्या पुढचा, पण दोनच्या आतलाच आणखी एक बिंदू मिळतो, आणि तिथपर्यंत फलन शून्यच आहे. वरच्या बाजूलाही तसंच. म्हणजे पायरी प्रत्येक बिंदूपाशी संतत आहे. शून्यापासून एकावर जाते आणि मधली १/२ ही किंमत कधीच घेत नाही. मधल्या मूल्याचं प्रमेय मोडलं. बोल्झानोने १८१७ मध्ये या प्रमेयाला चित्राबाहेरची सिद्धता हवी असा आग्रह धरला, त्याचं मोल आज हाताला लागलं.

बंद इंटरव्हलवरचं संतत फलन मर्यादित असतं, हेही मोडतं. १/(क्ष² − २) घ्या. छेद परिमेयांवर कधी शून्य होत नाही, म्हणून फलन सगळीकडे संतत. ७/५ पाशी त्याची किंमत −२५, २४/१७ पाशी −१४४.५, ४१/२९ पाशी −८४१. पाताळात चाललंय.

आणि मर्यादित असलं तरी कमाल किंमत गाठतंच असं नाही: १/(१ + (क्ष² − २)²) हे एकाच्या हवं तितकं जवळ जातं, एक कधीच होत नाही.

१४ ऑक्टोबर

एकसमान सातत्य. "जसा एप्सिलॉन, तसा डेल्टा" एवढं म्हटलं की एकसमान सातत्य (एप्सिलॉन म्हणजे किमतींतलं अंतर, डेल्टा म्हणजे बिंदूंमधलं). "जसा एप्सिलॉन आणि जसा बिंदू, तसा डेल्टा" म्हटलं की साधं. एका शब्दाने व्याख्या बदलते.

बंद इंटरव्हलवरचं संतत फलन एकसमान संतत असतं, हे हाइनेने १८७२ मध्ये सिद्ध करून छापलं. पायरीवर ते मोडतं: ७/५ आणि १०/७ यांच्यासारख्या जोड्या हव्या तितक्या जवळ आणता येतात आणि फलनांच्या किमतींत फरक नेहमी पुरा एक. प्रत्येक बिंदूला स्वतःचा डेल्टा आहे, सगळ्यांना पुरेल असा एक नाही.

कॉम्पॅक्टपणाची नोंदही केली: उघड्या संचांनी सगळं झाकलं तर त्यांतले मोजकेच पुरतात, हा तो गुण. म = १, २, ३, … साठी ज्या बिंदूंपाशी क्ष² − २ ची निरपेक्ष किंमत १/म पेक्षा जास्त आहे ते संच घ्या. सगळे मिळून शून्य ते दोनमधले सगळे परिमेय बिंदू झाकतात, पण त्यांतले मोजके निवडले तर काही बिंदू उघडे राहतातच.

२२ ऑक्टोबर

रात्री उशीर झालाय, तरी आजच लिहायला हवं.

डेरिव्हेटिव्ह. साखळी नियम, गुणाकाराचा नियम वगैरे टिकतात, ते झटपट लिहून काढलं. मग मीन व्हॅल्यू प्रमेय (दोन टोकांमधला सरासरी चढ मधे कुठेतरी नेमका मिळतोच) आलं आणि त्याच्या पाठोपाठ ते उपप्रमेय: ज्याचा डेरिव्हेटिव्ह सगळीकडे शून्य ते फलन स्थिर असतं.

पायरी प्रत्येक परिमेय बिंदूच्या आसपास स्थिर आहे. म्हणून तिचा डेरिव्हेटिव्ह प्रत्येक बिंदूपाशी शून्य आहे. आणि ती स्थिर नाही.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले. क्ष ला वेळ समजा आणि फलनाला जागा. परिमेय क्षणांच्या जगात एक कण आहे, प्रत्येक क्षणी त्याचा वेग शून्य आहे, कुठल्याही क्षणी तो हललेला नाही. तरी सुरुवातीला तो शून्यावर होता आणि शेवटी एकावर आहे. "जो कधीच हलत नाही तो जागच्या जागी राहतो" या वाक्याला सिद्धता लागते असं मला कधी वाटलं नव्हतं. ते वेळेच्या बारीकपणावरही ठरत नाही, परिमेय क्षणही हवे तितके दाट आहेत. ते ठरतं क्षणांच्या मधे फट नसण्यावर.

कॅल्क्युलस शिकताना प्रत्येक उत्तराच्या शेवटी "+ स्थिरांक" लिहायची सवय लागली. दोन प्रतिअवकलांत, म्हणजे ज्यांचा डेरिव्हेटिव्ह एकच येतो अशा दोन फलनांत, फक्त एका स्थिरांकाचा फरक असतो, म्हणून ते चालायचं. परिमेय जगात पायरीही मिळवता येईल, आणि तशाच ज्याचा वर्ग तीन, ज्याचा घन दोन अशा प्रत्येक फटीपाशी एकेक पायरी. म्हणजे आम्ही वर्षभर जी गणितं सोडवली ती सगळी या एका गृहीतकावर उभी होती, आणि तेव्हा त्याचं नावही कुणी घेतलं नव्हतं.

३ नोव्हेंबर

रीमान इंटिग्रल: आलेखाखालचं क्षेत्रफळ खालून आणि वरून आयतांनी मोजायचं. पायरीच्या खालच्या आणि वरच्या बेरजा काढल्या. ७/५ आणि १०/७ हे छेदबिंदू घेतले तर खालची ४/७, वरची ३/५, फरक १/३५. बिंदू जवळ आणत गेलं की फरक हवा तितका कमी होतो. नेहमीच्या कसोटीप्रमाणे फलन इंटिग्रेबल आहे. पण इंटिग्रल म्हणून लिहायची संख्या कुठेय? खालच्या बेरजांना सुप्रीमम नाही. दोन्ही बाजूंनी मिठी मारलीये आणि मधे कुणी नाही.

डिरिश्लेचं १८२९ चं फलन, परिमेयांवर एक किंमत आणि अपरिमेयांवर दुसरी, आमच्या वर्गात इंटिग्रेबल नसलेल्या फलनाचं पहिलं उदाहरण म्हणून आलं. माझ्या वहीत ते नुसतं स्थिर फलन आहे.

११ नोव्हेंबर

एकसमान अभिसरण, म्हणजे सगळ्या बिंदूंना एकच म पुरतो. संतत फलनांची क्रमिका एकसमान अभिसारी असेल तर सीमाही संतत. हे मोडणारच अशा खात्रीने बसले होते आणि ते टिकलं! सिद्धतेत अंतराचे तीन तुकडे करायचे, प्रत्येक एप्सिलॉनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवायचा, बस. पूर्णता कुठेच लागत नाही. कोशीने १८२१ मध्ये संतत फलनांच्या अभिसारी मालिकेची बेरीज संततच असते असं मांडलं होतं. आबेलने १८२६ मध्ये साइन क्ष − १/२ साइन २क्ष + १/३ साइन ३क्ष − … या मालिकेकडे बोट दाखवलं, जिची बेरीज मधेच उडी मारते. ती अडचण फटींची नव्हतीच, "जसा–तसा" कशावर अवलंबून आहे याची होती. दोन वेगळे आजार, दोन वेगळी औषधं. हे वेगळेपण वहीच्या रकान्यांमुळे दिसलं.

वायरश्ट्रासची एम-कसोटी (फलनांच्या पदांना एखाद्या अभिसारी मालिकेच्या पदांनी बांधलं की मालिका एकसमान अभिसारी) मात्र मोडते. सप्टेंबरमधली पूर्ण वर्गांची मालिका स्थिर फलनांची मालिका म्हणून लिहिली की झालं.

१८ नोव्हेंबर

वही दाखवायला गेले. मॅडमनी पानं उलटली आणि म्हणाल्या, "सगळी उदाहरणं परिमेयांवरची आहेत. परिमेय सोडून दुसरं कुठलंही फटी असलेलं क्षेत्र दिलं तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिन्यातच बसून विचार केला. पायरी बनवताना मी दोन या संख्येचा वर्ग वापरला होता, पण खरं काम कशाने केलं? एक अरिक्त संच होता, त्याला वरची मर्यादा होती, सुप्रीमम नव्हतं. एवढंच. मग कुठलंही क्रमित क्षेत्र घ्या ज्यात असा एक संच आहे. फलन असं: बिंदू त्या संचाची वरची मर्यादा असेल तर १, नसेल तर ०. जो बिंदू वरची मर्यादा नाही त्याच्यापुढे संचातलं कुणीतरी आहे, म्हणून तिथपर्यंत सगळे शून्यच. जो बिंदू वरची मर्यादा आहे तो सगळ्यांत लहान असू शकत नाही, म्हणून त्याच्या खालीही एक वरची मर्यादा आहे, आणि तिथून पुढे सगळीकडे एकच. पुन्हा तीच पायरी! संतत, डेरिव्हेटिव्ह शून्य, आणि स्थिर नाही.

म्हणजे पूर्णता नसेल तर मधल्या मूल्याचं प्रमेय पडतं, मीन व्हॅल्यू प्रमेय पडतं. उलट वाचलं तर: ज्या क्रमित क्षेत्रात यांतलं एक जरी खरं असेल, ते क्षेत्र पूर्ण आहे. प्रमेयावरून गृहीतक मिळालं. आमच्या वर्गात पूर्णतेऐवजी "जो कधीच हलत नाही तो जागच्या जागी राहतो" हे गृहीतक म्हणून फळ्यावर लिहिलं असतं, तरी त्यातून सगळा विषय परत उभा राहिला असता.

परत वर गेले. मॅडमचा पुढचा तास सुरू व्हायचा होता. दारातच त्यांना तीन वाक्यांत सांगितलं. त्या म्हणाल्या, "लिहून काढ. आजच."

२४ नोव्हेंबर

वही जमा केली. आजची तारीख मुद्दाम धरली.

१८५८ च्या शरदात जर्मन गणिती डेडेकिंड झुरिकच्या पॉलिटेक्निकमध्ये पहिल्यांदाच डिफरन्शियल कॅल्क्युलस शिकवत होता. चढत जाणारी पण मर्यादेबाहेर न जाणारी राशी कुठल्यातरी सीमेला पोचते, हे सांगताना त्याला रेघेच्या चित्राचा आधार घ्यावा लागला. शिकवायला चित्र चांगलं, पण शास्त्र म्हणून ते पुरेसं नाही याची त्याला टोचणी लागली आणि पाया सापडेपर्यंत विचार सोडायचा नाही असं त्याने ठरवलं. तो सापडला त्याची तारीख त्याने स्वतःच नोंदवून ठेवली आहे: २४ नोव्हेंबर १८५८. संख्यारेषेचे दोन भाग करा, डावा आणि उजवा. जिथे छेद गेला तिथे संख्या असायलाच हवी. नसेल तर तो छेद म्हणजेच नवी संख्या. छापायला त्याने १८७२ पर्यंत थांबून घेतलं.

माझ्या पहिल्या पानावरची दोन बाजूंची रांग, खालून ७/५ आणि वरून १०/७, ही त्याच्या छेदाचीच दोन पाती आहेत. ऑगस्टमध्ये ती चौकट आखताना मला हे माहीत नव्हतं.

२९ नोव्हेंबर

वही परत मिळाली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने एकच ओळ आहे: "कोशी क्रमिका अभिसारी असतात, एवढंच गृहीत धरलं तर पूर्णता मिळते का?"

पहिल्यांदा वाटलं, मिळणारच. मग ऑगस्टमधलं मागचं पान उघडलं, जिथे क्ष प्रत्येक नैसर्गिक संख्येहून मोठा आहे. बहुपदींच्या भागाकारांत सगळ्या कोशी क्रमिका अभिसारी नसतात, पण त्या क्षेत्राला पुढे वाढवता येतं: क्ष चे वरचे घात मोजकेच, खालचे कितीही, अशा अनंत मालिका घ्यायच्या. त्यांत कोशी क्रमिकांना सीमा मिळतात. प्रत्येक सहगुणक कुठल्यातरी पदानंतर बदलायचा थांबतो, त्यातून सीमा वाचता येते. इथपर्यंतची सिद्धता आज पुरी झाली.

आणि त्या क्षेत्रात नैसर्गिक संख्यांचा संच मर्यादित आहे. क्ष ही त्याची वरची मर्यादा. क्ष − १ हीसुद्धा. क्ष − २ हीसुद्धा. क्ष/२ हीसुद्धा.